तसबीर शेवटच्या रांगेतून दिसते: नगरपरिषदेस एक खुले पत्र

प्रति,
मा. नगराध्यक्ष, मा. मुख्याधिकारी व सर्व सन्माननीय सदस्य,
नगरपरिषद

विषय: ३१२ आसनांचे नाट्यगृह पाडून त्या जागी ९०० आसनांचे बहुउद्देशीय सभागृह बांधण्याच्या प्रस्तावावर हरकत.

सविनय नमस्कार.

नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीचा प्रस्ताव आपण सूचना फलकावर लावून नागरिकांकडून हरकती व सूचना मागविल्या आहेत. विहित नमुन्यातील अर्ज मी आवक-जावक खिडकीवर रीतसर दिला असून त्याची पोच माझ्याजवळ आहे. परंतु त्या नमुन्यात हरकतीसाठी चार ओळींची जागा आहे आणि माझे म्हणणे एका संपूर्ण नाट्यप्रयोगातून निघालेले आहे. ते चार ओळींत बसेना, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

माझा व्यवसाय ध्वनिक्षेपक यंत्रणा भाड्याने देण्याचा आहे. गेली २८ वर्षे या गावातील लग्ने, प्रचारसभा, हरिनाम सप्ताह, गणेशोत्सव आणि नाट्यगृहातील बहुतेक कार्यक्रम यांना माईक आणि स्पीकर मीच पुरवत आलो आहे. नवे सभागृह उभे राहिले तर त्याचा लाभ सर्वांत आधी ज्यांच्या पदरात पडेल अशांमध्ये मी आहे, कारण ३१२ खुर्च्यांना स्पीकरच्या दोन पेट्या पुरतात आणि ९०० खुर्च्यांना आठ तरी लागतील. हे आरंभीच सांगितलेले बरे. नाहीतर पुढे कोणीतरी माझ्या हेतूविषयी संशय घ्यायचे, आणि ज्या नाटकाविषयी मी लिहिणार आहे त्यात संशयाने पुरेसा गोंधळ घालून ठेवलेला आहे.

गेल्या महिन्यातील दुसऱ्या शनिवारी आपल्या नाट्यगृहात गावातील हौशी कलावंतांनी 'संगीत संशयकल्लोळ' सादर केले. ध्वनिव्यवस्थेचे काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे होते. आदल्या दिवशी रंगीत तालीम होती, म्हणून मी दुपारीच सामान लावले: रंगमंचाच्या कडेला तीन उभे माईक, वर टांगलेले दोन, नायक-नायिकेच्या गळ्याशी लावायचे दोन बिनतारी माईक आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींपाशी दोन पेट्या. पहिला प्रवेश संपल्यावर दिग्दर्शक माझ्याजवळ आले. गृहस्थ सत्तरीच्या पुढचे आहेत आणि बोलणे मोजके. ते म्हणाले, "तुमचं भाडं पूर्ण घ्या, त्यात कपात नाही. पण उद्या पेट्या बंद ठेवा." मला राग आला, हे मी लपवत नाही. आचाऱ्याला पंगतीला बोलवावे आणि चूल पेटवू नका म्हणावे, तसे मला वाटले. मी त्यांना शेवटच्या रांगेची काळजी बोलून दाखविली. ते म्हणाले, "मग उद्या तुम्ही शेवटच्या रांगेतच बसा."

मी बसलो. गेल्या २८ वर्षांत या नाट्यगृहात मी शेकडो कार्यक्रम ऐकले, पण ते विंगेतल्या मिक्सरपाशी, एका कानावर हेडफोन आणि एक डोळा लाल दिव्यावर ठेवून. प्रेक्षक म्हणून खुर्चीत बसण्याची ही माझी पहिलीच वेळ होती. जागा मिळाली ती तेराव्या रांगेत, खांबाच्या उजवीकडे, जिथे खुर्चीची बैठक एका बाजूला कलली आहे. (ही खुर्ची आपल्या दुरुस्तीच्या यादीत आहे असे मला सांगण्यात आले. ती यादी कोणत्या वर्षीची आहे हे मी विचारले नाही.)

तिसरी घंटा झाली, छताचे पंखे बंद झाले आणि प्रेक्षागृहात एकदम जी शांतता पसरली तिने मी दचकलोच. एरवी स्पीकरची बारीक घुरघुर सतत चालू असते आणि आपल्याला तिची इतकी सवय झालेली असते की तीच शांतता वाटते. त्या दिवशी तीही नव्हती. पडद्यामागे नारळ फुटल्याचा आवाज तेराव्या रांगेत स्वच्छ ऐकू आला, धुपाचा वास त्याच्यामागून आला आणि ऑर्गनच्या पहिल्या सुराबरोबर नांदी सुरू झाली. पहिल्या दोन ओळी ऐकताना मी कान ताणून बसलो होतो. तिसऱ्या ओळीपासून कान आपोआप सैल झाले. बाजारातून आल्यावर घरात डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी तशी कानांना लहान आवाजाची सवय होते, आणि मग लहान आवाज लहान राहत नाही.

आपल्यापैकी काही सदस्यांनी हे नाटक पाहिले नसेल, म्हणून त्याची गुंफण थोडक्यात सांगतो. भर रस्त्यात रेवती या तरुणीला घेरी येते आणि फाल्गुनराव नावाचे प्रौढ गृहस्थ तिला सावरतात. हे त्यांची पत्नी कृत्तिका खिडकीतून पाहते आणि नवऱ्याचे बाहेर काहीतरी आहे असे मनाशी पक्के करते. त्या गडबडीत रेवतीजवळची तिच्या प्रियकराची, म्हणजे अश्विनशेठची, तसबीर खाली पडते. ती कृत्तिकेच्या हाती लागते. बायको एका देखण्या परपुरुषाची तसबीर न्याहाळत उभी आहे हे फाल्गुनराव पाहतात, आणि आता संशयाची पाळी त्यांची. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावांच्या हातात अश्विनशेठला दिसते आणि रेवतीने आपली भेट दुसऱ्याला देऊन टाकली असे तो समजतो. भादव्या हा बिचारा नोकर धनी आणि धनीण या दोघांच्या ओढाताणीत सापडतो. नाटककाराने पुरुषपात्रांना महिन्यांची आणि स्त्रीपात्रांना नक्षत्रांची नावे दिली आहेत, त्यामुळे पात्रयादी वाचतानाच पंचांगात गोंधळ उडाल्यासारखे वाटते.

या साऱ्या गोंधळात कोणीही खोटे बोलत नाही. प्रत्येकाने जे पाहिले ते खरेच घडलेले असते, फक्त ते अर्धे पाहिलेले असते. पूर्ण गोष्ट एकट्या प्रेक्षकाला माहीत असते आणि त्याचे हसू तेवढ्यातूनच येते. म्हणजे या नाटकाची सारी मदार प्रेक्षकाला सर्व काही दिसण्यावर आणि ऐकू येण्यावर आहे. खिडकीतली कृत्तिका ज्याला दिसली नाही, तसबीर पडताना ज्याने पाहिली नाही, तो प्रेक्षक फाल्गुनरावांइतकाच अंधारात राहील आणि शेजारचे लोक का हसत आहेत म्हणून त्यांच्यावर संशय घेईल.

ती तसबीर पोस्टकार्डाएवढी होती. मी दुसऱ्या दिवशी सामान काढताना मोजपट्टी लावून पाहिले: रंगमंचाच्या कडेपासून तेराव्या रांगेपर्यंतचे अंतर १५ मीटर भरले. चौदा सेंटिमीटर लांबीची वस्तू १५ मीटरवरून पाहिली तर ती डोळ्याला साधारण पौर्णिमेच्या चंद्राएवढी दिसते. चंद्र आपल्याला नीट दिसतो, त्यावरचे डागही दिसतात. प्रस्तावातील नकाशाप्रमाणे नव्या सभागृहाची शेवटची रांग ३० मीटरवर येते; तिथून तीच तसबीर अर्ध्या चंद्राएवढीही राहणार नाही, कारण लांबी आणि रुंदी दोन्ही निम्म्या झाल्या की आकार चौथाईवर येतो. यावर कोणी म्हणेल की तसबीर मोठी करावी. पण मग ती कंबरेला खोचता येणार नाही, पदराआड लपवता येणार नाही आणि चुकून रस्त्यात पडणारही नाही. भिंतीवर टांगण्याएवढी तसबीर घेऊन घेरी येणारी रेवती मला तरी डोळ्यांसमोर आणता येत नाही.

येथे नाटककाराविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण ते आपल्याच भागातले. गोविंद बल्लाळ देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे. आपल्या गावातून एसटीने तासाभराचा रस्ता. मोलिएर या फ्रेंच नाटककाराने १६६० साली संशयी नवऱ्यावर एक छोटे प्रहसन लिहिले. त्यावरून आर्थर मर्फी याने १७६१ मध्ये इंग्रजी नाटक रचले, आणि त्याच्या आधाराने देवलांनी १८९३ साली तसबिरीच्या घोटाळ्याचे गद्य नाटक मराठीत आणले. त्याला पदे घालून संगीताचे रूप त्यांनी आयुष्याच्या अखेरीस दिले. गंधर्व नाटक मंडळीने ते १९१६ साली रंगमंचावर आणले, बालगंधर्व रेवती आणि गणपतराव बोडस फाल्गुनराव. आणि देवल त्याच वर्षी गेले. याच देवलांनी १८९० मध्ये शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' लिहिले होते. तिथेही नवऱ्याला संशय आहे आणि त्याला पुरावा म्हणून हातात मावणारी एक वस्तू आहे, ती म्हणजे रुमाल. एका रुमालाने घरात खून पडतो आणि एका तसबिरीने घरभर हसू पिकते. हरिपूरच्या या माणसाने एकाच विकाराची दोन टोके, दोन तळहाताएवढ्या वस्तूंवर तोलून दाखविली. अशी नाटके ज्या गावांत रुजली तिथल्या नाट्यगृहांत तळहाताएवढी वस्तू दिसली पाहिजे, ही अपेक्षा फार मोठी नसावी.

आता आवाजाविषयी, कारण तो माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. पहिल्या अंकात एका ठिकाणी फाल्गुनराव प्रेक्षकांकडे तोंड करून स्वतःशी बोलतात आणि मागे कृत्तिका स्वतःशी बोलते. दोघांचे एकमेकांना ऐकू येत नाही, असा संकेत आहे. त्या दिवशी फाल्गुनरावांचे काम करणारे गृहस्थ डावीकडे, कृत्तिकेचे काम करणाऱ्या बाई उजवीकडे उभ्या होत्या आणि डोळे मिटले तरी कोण कुठे आहे हे मला कळत होते. माझ्या पेट्या चालू असत्या तर दोघांचेही आवाज भिंतीतून आले असते. दोघांचे तोंड वेगळ्या दिशेला आणि आवाज मात्र एकाच पेटीतून, असे झाले की ते स्वतःशी बोलत आहेत यावर कोणाचाही विश्वास बसत नाही. गेली २८ वर्षे मी लोकांचे आवाज त्यांच्या तोंडातून काढून भिंतीला लावत आलो आहे, हे मला तेराव्या रांगेत बसल्यावर कळले. भाषणाला ते चालते, कारण वक्ता हलत नाही. नाटकाला चालते की नाही, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

आणि कुजबुज. माईकवर केलेली कुजबुज ही खरे तर मोठ्याने केलेली कुजबुज असते, आणि मोठ्याने केलेल्या कुजबुजीत गंमत उरत नाही. भादव्या धन्याच्या कानाशी लागून जे सांगतो ते त्या दिवशी खरोखरच हळू होते. तीनशे खुर्च्यांच्या सभागृहात दोनशेहून अधिकजण ते ऐकण्यासाठी एकदम पुढे झुकले. माझ्यापुढच्या बारा रांगांतील पाठी एकाच वेळी खुर्चीपासून सुटलेल्या मी पाहिल्या. हशा त्यानंतर आला, पण तो त्या झुकण्यातच तयार झाला होता.

हा हशा आणि पुढचे पद यांच्यामधली जागा कोण सांभाळतो, हे मी त्या दिवसापर्यंत पाहिले नव्हते. रंगमंचापुढे जी खोलगट जागा आहे, जिला आम्ही मंडळी पीट म्हणतो, तिथे ऑर्गनवर एक बाई आणि तबल्यावर त्यांचा भाचा बसला होता. गद्य चालू असताना बाईंचे डोळे नटांच्या चेहऱ्यावर आणि कान प्रेक्षकांकडे होते. पदाला सुरुवात करायची ती हशा उतरणीला लागल्यावर, पण पूर्ण विरण्याच्या आत. लवकर सूर धरला तर पदाची पहिली ओळ हशात बुडते. उशिरा धरला तर नट ओशाळवाणा उभा राहतो. प्रत्येक प्रयोगात हशाची लांबी वेगळी असते, त्यामुळे हे आधी ठरवून ठेवता येत नाही. दुसऱ्या अंकात एका वाक्यावर लोक इतके हसले की बाईंनी सूर धरला, सोडला, पुन्हा धरला आणि अश्विनशेठनी तेवढ्या वेळात खिशातून रुमाल काढून कपाळ पुसून घेतले. तो रुमाल संहितेत नव्हता. लोकांना तो संहितेतलाच वाटला आणि त्यावर आणखी हसू आले.

आपल्या नकाशात ही खोलगट जागा दिसत नाही. तिथे पहिल्या तीन रांगा 'मान्यवरांसाठी' पुढे सरकविल्या आहेत, आणि सोबतच्या टिपणात संगीत आगाऊ ध्वनिमुद्रित करून वाजविण्याची सोय असेल असे म्हटले आहे. ही सोय मीच पुरवेन आणि तिचे पैसेही घेईन. तरीही सांगतो की ध्वनिमुद्रित सूर कोणासाठी थांबत नाही. ठरलेल्या क्षणी तो सुरू होतो. मग लोक हसत असोत की नसोत, नटाच्या घशात कफ असो की भादव्याच्या हातातून तबक पडलेले असो. विनोदी संगीत नाटक तर या थांबण्यावरच चालते. मान्यवरांनी चौथ्या रांगेत बसण्यास हरकत नसावी. तिथून तबला अधिक चांगला ऐकू येतो.

प्रयोग निर्दोष होता असे मी म्हणणार नाही. पहिल्या अंकानंतर गती मंदावली. अश्विनशेठ गातात चांगले, पण एका पदात त्यांना तानांचा मोह आवरला नाही आणि प्रेमात पोळलेला तरुण आहे की स्पर्धेत उतरलेला गवई, हा प्रश्न पडला. वन्स मोअर मात्र त्याच पदाला मिळाला, तेव्हा माझे मत बाजूला ठेवावे हे उत्तम. तिसऱ्या अंकात फाल्गुनराव एक वाक्य विसरले. प्रॉम्प्टरने ते दिले आणि ते पाचव्या रांगेपर्यंत ऐकू गेले. तिथल्या एका लहान मुलाने "ते आतले काका सांगतायत" असे जाहीर केले. लहान नाट्यगृहाची ही किंमत आहे, ती मान्य केली पाहिजे. आणखी एक गोष्ट: संशयी नवऱ्याला हसताना लोक मोकळे हसले, संशयी बायकोला हसताना काहीजण जरा जास्तच मोकळे हसले. कृत्तिकेचे काम करणाऱ्या बाईंनी ती भूमिका कर्कशपणाकडे न नेता तिच्यात थोडे एकटेपण ठेवले होते. शेवटच्या अंकात ती गप्प उभी राहते तेव्हा त्याच माणसांचे हसू ओसरलेले मला जाणवले. ते एकटेपण डोळ्यांत होते, आवाजात नव्हते, म्हणून तेही अंतराचाच प्रश्न आहे.

कलावंत सगळे आपल्यातले आहेत. फाल्गुनराव दिवसा सहकारी बँकेत रोखपाल असतात, रेवती औषधाच्या दुकानात बसते, भादव्या वडाप चालवतो. तालमी तीन महिने एका शाळेच्या वर्गात झाल्या, कारण आपल्या नाट्यगृहात तालमीसाठी वेगळा दर नाही आणि पूर्ण भाडे भरून तालीम करणे कोणाही हौशी मंडळाला शक्य नाही. परिणाम असा की पात्रांना रंगमंचाच्या फळ्यांची ओळख प्रयोगाच्या आदल्या दिवशी झाली. त्या फळ्या चांगल्या आहेत. लाकडी रंगमंच खालून पोकळ असल्याने पाय आपटला की घुमतो आणि आवाजाला थोडी साथ देतो. प्रस्तावात त्या जागी सिमेंटवर फरशी बसविण्याचे अंदाजपत्रक आहे. फरशी पुसायला सोपी असते एवढा एकच गुण मला तिच्यात दिसतो.

आता ९०० या आकड्याकडे वळतो. त्या शनिवारी २४० तिकिटे गेली होती. ३१२ आसनांच्या सभागृहात २४० माणसे म्हणजे भरलेले नाट्यगृह: हसू एका रांगेतून दुसऱ्या रांगेत जाते, कारण मध्ये रिकाम्या खुर्च्या नसतात. तीच २४० माणसे ९०० आसनांच्या सभागृहात बसली तर चारांपैकी तीन खुर्च्या रिकाम्या दिसतील. नटाला वाटेल की नाटक पडले, प्रेक्षकाला वाटेल की आपण चुकून आलो. हसण्याला सोबत लागते. रिकाम्या खुर्च्यांच्या मध्ये बसलेला माणूस मनात हसतो आणि ते रंगमंचापर्यंत पोचत नाही. शिवाय आवाजाचे गणित आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी साधारण ६ डेसिबलने खाली येते. बंदिस्त सभागृहात भिंती आणि छत काही आवाज परत देतात हे खरे, पण परत येणारा आवाज मूळ आवाजापेक्षा सेकंदाच्या विसाव्या भागाहून फार उशिरा आला तर तो शब्दाला मदत करण्याऐवजी शब्दावर चढतो. तेवढ्या वेळात आवाज सुमारे १७ मीटर जातो. आपल्या आजच्या नाट्यगृहाच्या भिंती एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की बहुतेक आवाज या मर्यादेत परततो. ते बांधणाऱ्या गवंड्यांनी हे गणित केले असेल असे नाही. पण झाले आहे ते बरोबर झाले आहे, आणि जे नकळत बरोबर झाले ते जाणूनबुजून मोडू नये, अशी माझी विनंती आहे. मोठ्या सभागृहात पेट्या लावाव्याच लागतील, आणि एकदा पेट्या आल्या की तसबीर, कुजबुज, हशा आणि ऑर्गन यांविषयी मी वर जे लिहिले ते सारे रद्द होईल.

प्रस्तावाच्या बाजूने जे बोलले जाते ते मी ऐकले आहे. लहान नाट्यगृह तोट्यात चालते, त्याचे वीजबिलही भाड्यातून निघत नाही, आणि गावाला मोठ्या सभागृहाची गरज आहे, असे म्हणतात. तिसरी गोष्ट खरी आहे. सामुदायिक विवाह, शाळांची स्नेहसंमेलने, मेळावे यांना आज जागा नाही आणि त्यासाठी लोक शेजारच्या गावात जातात. परंतु त्यासाठी बाजार समितीजवळचा नगरपरिषदेचा मोकळा भूखंड आहे. तिथे वाहनतळाला जागा आहे, रात्री बाराला वरात आली तरी शेजारी कोणाची झोप मोडणार नाही. तिथे ९०० काय, १,५०० खुर्च्यांचे सभागृह बांधावे. त्याची पूर्ण ध्वनियंत्रणा मी आनंदाने बसवून देईन. तोट्याविषयी म्हणाल तर उद्यानही तोट्यात चालते आणि वाचनालयही. त्यांच्या जागी मंगल कार्यालय बांधण्याचा ठराव अद्याप कोणी मांडलेला नाही.

नाट्यगृह आहे तसेच ठेवावे असे मी म्हणत नाही. रंगपटात स्त्री कलावंतांसाठी स्वच्छतागृह नाही. रेवतीला मध्यंतरात समोरच्या घरी जावे लागले. वृद्धांसाठी उतार नाही. पंख्यांचा खडखडाट असा आहे की पद सुरू होताच ते बंद करावे लागतात, आणि मग लोक तिकीट हलवत वारा घेतात. सर्वांत तातडीचे म्हणजे विजेच्या तारा. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले, पुढे केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाणारे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, आगीत सापडले तेव्हा आपल्या गावातूनही लोक हळहळत तिकडे गेले होते. आपल्या विंगेतल्या स्विचबोर्डला मी गेली कित्येक वर्षे हात लावताना पायात रबरी चप्पल आहे ना, हे आधी पाहतो. पडदे, लाकडी फळ्या आणि जुन्या तारा एकत्र असलेल्या वास्तूत हे काम पुढच्या अर्थसंकल्पापर्यंत थांबू नये. प्रस्तावातील रकमेच्या लहानशा भागात तारा, पंखे, स्वच्छतागृह, उतार आणि तेराव्या रांगेतील ती खुर्ची, एवढे सगळे होईल. त्यासोबत हौशी मंडळांना प्रयोगापूर्वीचे चार दिवस तालमीसाठी सवलतीचा दर ठरवून द्यावा, म्हणजे पुढच्या वेळी फाल्गुनरावांना वाक्ये विसरण्यास निमित्त राहणार नाही.

लोकाग्रहास्तव याच नाटकाचा दुसरा प्रयोग येत्या महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी रात्री साडेआठ वाजता आपल्याच नाट्यगृहात होणार आहे. प्रस्तावावरील सर्वसाधारण सभा त्यानंतरच्या गुरुवारी आहे, हे मी विषयपत्रिकेवरून पाहिले. तेराव्या रांगेतील २४ तिकिटे मी स्वखर्चाने काढून ठेवली आहेत. ती आपणा सर्वांसाठी आहेत आणि त्याच दिवशी सायंकाळी सातपासून तिकीट खिडकीवर आपल्या नावाने मिळतील. कललेल्या खुर्चीवर मी स्वतः बसेन. त्या दिवशीही माझ्या पेट्या बंद असतील. पहिल्या अंकात कृत्तिका तसबीर उचलून उजेडात धरते, तेव्हा ती कोणाची आहे हे ज्या सदस्यांना तेराव्या रांगेतून ओळखता येणार नाही, त्यांनी गुरुवारच्या सभेत तसे सांगावे. मी माझी हरकत त्याच दिवशी लेखी मागे घेईन.

आपला विश्वासू,
ध्वनिक्षेपक व्यावसायिक व नगरपरिषदेचा एक करदाता